रेषेबाहेरचे दोन इंच

ज्याने आयुष्यात कधी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, असा माणूस टीव्हीवर टेनिसचा सामना पाहत बसतो तेव्हा तो नेमके काय पाहत असतो? प्रश्न क्षुल्लक वाटेल. साहित्य आणि समाज यांची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात तो कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या करमणुकीला आपण निरुपद्रवी समजतो, तिच्यातूनच ‘सभ्य कोण’ आणि ‘असभ्य कोण’ याचे धडे आपल्या नकळत आपल्याला दिले जात असतात. म्हणून या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करणे आवश्यक आहे.

असा प्रेक्षक खेळातले बारकावे पाहत नाही. ते त्याला दिसतच नाहीत. कॅमेरा मैदानाच्या एका टोकाला उंचावर बसवलेला असतो. त्यातून मैदानाची लांबी आक्रसते, चेंडूचा वेग मंदावल्यासारखा वाटतो आणि चेंडूला दिलेली फिरकी तर जवळजवळ नाहीशीच होते. पंधरा, तीस, चाळीस हे गुणांचे विचित्र गणित तो एव्हाना शिकलेला असतो. कोण जिंकतो आहे एवढे त्याला कळते. का जिंकतो आहे, हे मात्र समालोचकाने सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. टेनिसमध्ये प्रत्यक्ष चेंडू खेळात असण्याचा वेळ थोडा आणि मधला वेळ जास्त असतो. दोन गुणांच्या मध्ये पंचवीस सेकंद, बाजू बदलताना नव्वद सेकंद, सेट संपल्यावर दोन मिनिटे. या रिकाम्या वेळात कॅमेऱ्याने करायचे काय? तो खेळाडूच्या चेहऱ्यावर जातो. घाम, आवळलेले ओठ, स्वतःशीच पुटपुटणे, पंचाकडे टाकलेला कटाक्ष, हे सगळे तो आपल्या घरात आणून ठेवतो. बॅकहँड कळत नाही, पण चेहरा कळतो, निदान तसे आपल्याला वाटते. त्यामुळे अधूनमधून टेनिस पाहणारा माणूस खेळाडूची पारख खेळावरून न करता वागणुकीवरून करतो. हा शांत आहे, चांगला आहे. ही आरडाओरडा करते, हिला खेळाची शिस्त नाही, असे निवाडे आपण सोफ्यावर किंवा सतरंजीवर बसून सहज देत असतो.

हे निवाडे निःपक्षपाती असतात का? आमच्या मते नसतात. टेनिसमधली सभ्यता ही खेळाबरोबर आपोआप जन्माला आलेली गोष्ट नाही. तिला इतिहास आहे, आणि तो कोणाला आत घ्यायचे व कोणाला बाहेर ठेवायचे याचा इतिहास आहे.

अमेरिकेतील गोऱ्यांच्या टेनिस संघटनेच्या स्पर्धांत काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून काळ्या खेळाडूंना १९१६ साली ‘अमेरिकन टेनिस असोसिएशन’ ही आपली वेगळी संघटना उभारावी लागली. १९५० साली ॲल्थिया गिब्सन ही राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारी पहिली काळी खेळाडू ठरली. तिच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती. अडचण होती ती निमंत्रणाची. ॲलिस मार्बल या माजी गोऱ्या विजेतीने एका टेनिस मासिकात पत्र लिहून आपल्याच खेळबंधूंची लाज काढली, तेव्हा दार किलकिले झाले. साऊथ कॅरोलिनातल्या वाटेकरी शेतमजुरांच्या घरात जन्मलेल्या आणि हार्लेममध्ये वाढलेल्या या मुलीने १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे विम्बल्डन जिंकले. ते हौशी खेळाडूंचे युग होते. चषक मिळाला, मिरवणूक निघाली. पैसा मिळाला नाही. पोट भरलेल्यांनी पैशाचा विटाळ मानला की ज्याचे पोट रिकामे आहे तो आपोआप बाहेर राहतो, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही.

गिब्सनला आणि तिच्यानंतर आर्थर ॲशला ज्यांनी घडवले ते डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावचे काळे डॉक्टर. त्यांच्या घराजवळ टेनिसचे मैदान होते आणि उन्हाळ्यात काळी मुले तेथे शिकायला येत. त्यांनी या मुलांना फोरहँड, बॅकहँड शिकवला तसा आणखी एक नियम शिकवला. मुलांच्या स्पर्धांत पुष्कळदा रेषापंच नसतात. चेंडू आत पडला की बाहेर हे खेळाडूंनीच सांगायचे असते. डॉक्टरांचे सांगणे असे, की प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या बाहेर दोन इंचांपर्यंत पडला तर तो आतच समजा आणि खेळा. पंचाशी वाद घालू नका, रॅकेट आपटू नका, चेहऱ्यावर राग दिसू देऊ नका. काळ्या मुलावर लबाडीचा आळ घ्यायला गोऱ्या आयोजकांना निमित्त मिळता कामा नये.

या दोन इंचांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मैदान तेच, जाळी तीच, पण काळ्या मुलाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त जागा राखावी लागत होती. त्याच्या अर्ध्या मैदानाला चारी रेषा होत्याच. त्यांच्या बाहेर दोन इंचांची आणखी एक अदृश्य रेषा होती. ती नियमपुस्तकात नव्हती. डॉ. जॉन्सन यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना मुले खेळवायची होती, आणि त्या काळी त्या प्रदेशात दुसरा मार्ग नव्हता. पण पुढे जगाने ज्याला ‘ॲशची खिलाडूवृत्ती’ म्हणून डोक्यावर घेतले, तिच्या मुळाशी हा प्रवेशकर आहे हे विसरता येत नाही.

आर्थर ॲशचा जन्म १९४३ सालचा, रिचमंड शहरातला. वडील काळ्यांसाठी राखलेल्या एका उद्यानाचे राखणदार होते आणि घरही त्याच उद्यानात होते. त्यामुळे टेनिसचे मैदान त्याच्या दारातच होते. शहरातल्या गोऱ्यांच्या बायर्ड पार्कमधल्या मैदानांवर मात्र त्याला पाय ठेवता येत नव्हता. येथे आपल्याला पुण्यातले पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चांभार जातीत जन्मलेले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे आणि जाळी लावण्याचे काम करत; साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते देशातले श्रेष्ठ गोलंदाज झाले. हिंदू संघाने त्यांचा चेंडू स्वीकारला, पण चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. मैदान राखणाऱ्याला मैदानावर आणि मैदानाबाहेर कोणत्या अटींवर घ्यायचे, हा प्रश्न दोन्ही देशांत एकच होता.

५ जुलै १९७५ रोजीचा विम्बल्डनचा अंतिम सामना आजही चित्रफितीवर पाहता येतो. समोर गतविजेता जिमी कॉनर्स, बावीस वर्षांचा, प्रचंड ताकदीचा. ॲशला बत्तीस पुरी व्हायला पाच दिवस कमी. सगळ्यांचा कौल कॉनर्सच्या बाजूने. ॲश जिंकला ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा. कसा जिंकला, हे ज्याला टेनिस येत नाही त्यालाही थोडे समजावून सांगता येते. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडत. समोरच्याचा वेगच तो दुप्पट करून परत पाठवी. ॲशने त्याला वेग दिलाच नाही. जोरात फटके मारण्याची आपली आयुष्यभराची सवय त्याने त्या दिवशी बाजूला ठेवली; फोरहँडकडे हळू, खाली राहणारे चेंडू टाकले, सर्व्हिस बाहेरच्या बाजूला वळवली, कॉनर्स पुढे आला की डोक्यावरून लॉब उडवला. बलाढ्य माणसाचे बळ त्याला वापरू न देणे, अशी ही लढाई होती.

टीव्हीने मात्र दुसरेच चित्र लोकांच्या मनावर कोरले. बाजू बदलताना ॲश खुर्चीत डोळे मिटून, निश्चल बसे. कॅमेरा तेथेच रेंगाळला. साधूसारखा शांत काळा माणूस! गोऱ्या जगाला ही प्रतिमा अतिशय सोयीची होती. विजयानंतर त्याने क्षणभर मूठ उंचावली, पण लोकांच्या स्मरणात मिटलेले डोळे अधिक राहिले. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे डावपेचांची आखणी चालू होती, आणि ती करणाऱ्या माणसाला लहानपणापासून राग गिळायला शिकवलेले होते, हे त्या चित्रात दिसत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोमच्या मास्टर्स स्पर्धेत ॲशसमोर रुमानियाचा इली नास्तासे होता. ॲश तिसऱ्या सेटमध्ये ४-१ असा पुढे होता. नास्तासेने सर्व्हिस लांबवत, प्रेक्षकांशी वाद घालत खेळाचा खेळखंडोबा चालवला. तेव्हा ॲशने रॅकेट गोळा केली आणि तो सरळ मैदान सोडून निघून गेला. जिंकत असलेला माणूस निघून गेला! आधी दोघांनाही बाद ठरवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सामना ॲशला देण्यात आला. ॲशच्या सभ्यतेची कहाणी सांगणारे विम्बल्डन सांगतात, स्टॉकहोम क्वचितच सांगतात. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर १९८५ साली निदर्शने करताना त्याला वॉशिंग्टनमध्ये अटक झाली, आणि हैतीच्या निर्वासितांसाठी १९९२ साली व्हाइट हाऊससमोर, एड्सने शरीर पोखरलेले असताना, पुन्हा अटक झाली, हेही त्या कहाणीत शेवटी कोठेतरी येते. पाच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, तो वारला. ज्याला शांततेचा पुतळा केले, तो माणूस शांत नव्हता. त्याने रागाची जागा निवडली होती, इतकेच.

आता दुसरा चेहरा पाहू. १९८१ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत जॉन मॅकेन्रोने पंचावर जो आरडाओरडा केला तो टेनिसच्या इतिहासात अजरामर झाला. त्याला दंड झाला आणि विजेत्याला मिळणारे क्लबचे मानद सदस्यत्व त्या वर्षी नाकारले गेले. म्हणजे त्याला काहीच भोगावे लागले नाही असे नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेतून त्याला वागणुकीपायी बादही करण्यात आले. परंतु पुढे काय झाले? त्या संतापाची एक लाडकी दंतकथा झाली. ते वाक्य त्याच्या आत्मचरित्राचे शीर्षक झाले, जाहिरातींत वापरले गेले, आणि तो स्वतः टीव्हीवर मान्यवर समालोचक झाला. गोऱ्या पुरुषाचा राग हा त्याच्या प्रतिभेचा भाग मानला गेला. प्रतिभावंत म्हटला की थोडा विक्षिप्त असायचाच, असे म्हणून प्रेक्षक हसला.

तो हसू सेरेना विल्यम्सच्या वाट्याला आले नाही. २००४ च्या अमेरिकन स्पर्धेत जेनिफर कॅप्रियातीविरुद्ध तिचा आत पडलेला चेंडू रेषापंचाने आतच दिला असताना खुर्चीतल्या पंचाने तो बाहेर ठरवला. जगभरच्या प्रेक्षकांनी टीव्हीवर तो आत पडलेला पाहिला. ॲशच्या पिढीला बाहेरचा चेंडू आत मानावा लागत होता; येथे आतला चेंडू बाहेर गेला. त्या सामन्यावरून एवढा गदारोळ झाला, की २००६ पासून त्या स्पर्धेत चेंडूचा मार्ग यंत्राने तपासण्याची सोय आली.

८ सप्टेंबर २०१८ चा अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर दिसला. मैदानाचे नाव आर्थर ॲश स्टेडियम. समोर वीस वर्षांची नाओमी ओसाका; आई जपानी, वडील हैतीचे. एका वर्षापूर्वी बाळंत झालेली सेरेना चोविसाव्या मोठ्या विजेतेपदासाठी खेळत होती. प्रेक्षकांतून प्रशिक्षकाने खूण केली म्हणून पंच कार्लोस रामोस यांनी तिला ताकीद दिली. पुढे रॅकेट आपटली म्हणून एक गुण गेला. आपण लबाडी करत नाही, असे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली; शेवटी तिने पंचाला चोर म्हटले आणि एक पूर्ण गेम प्रतिस्पर्धीच्या खात्यात जमा झाला. ओसाका ६-२, ६-४ अशी जिंकली. सेरेनाला सतरा हजार डॉलर दंड झाला.

येथे घाईने निष्कर्ष काढणे बरोबर नाही. पंचाने लावलेले तिन्ही नियम पुस्तकात होते. खूण केल्याचे प्रशिक्षकाने नंतर स्वतःच मान्य केले. ओसाका त्या दिवशी उजवी खेळत होती, आणि तीही काळ्या बापाची लेक होती. तिचा विजय झाकोळला गेला ही तिच्यावर झालेली हानीच. म्हणून ‘पंच वर्णद्वेषी होता’ एवढे म्हणून मोकळे होणारी समीक्षा आम्हाला आळशी वाटते. प्रश्न एका पंचाचा नाही. नियम कोणता, यापेक्षा तो केव्हा, कोणावर, किती कडकपणे वापरला जातो आणि नंतर जगाच्या स्मरणात काय उरते, हा खरा प्रश्न आहे. त्याच आठवड्यात एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रात सेरेनाचे व्यंगचित्र आले: अवाढव्य देह, जाड ओठ, थयथयाट, आणि पलीकडे ओसाकाला मात्र गोरी, सोनेरी केसांची करून टाकलेली. तेथील वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली या चित्राने आपल्या तत्त्वांचा भंग झाला नाही असा निर्णय दिला. मॅकेन्रोच्या संतापाची दंतकथा झाली. सेरेनाच्या संतापातून राक्षसीण काढली गेली. आणि ज्या गुन्ह्यापासून हे सारे सुरू झाले ते प्रेक्षकांतून मार्गदर्शन? २०२२ पासून ते प्रयोगादाखल चालवले गेले आणि २०२५ पासून टेनिसच्या नियमांनीच त्याला परवानगी दिली.

आपल्या वाचकांना ही कहाणी परकी वाटू नये. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा चर्चा कशाची झाली? त्यात काय सांगितले आहे याच्याइतकीच, किंबहुना अधिक, ते कोणत्या शब्दांत सांगितले याची. दलित लेखक लिहू लागला की त्याच्या अनुभवाला मान डोलवायची आणि त्याच्या आवाजाला मात्र आक्रस्ताळा, शिवराळ, प्रचारकी म्हणायचे, ही पद्धत आपण पुष्कळ वर्षे पाहिली. आशयाच्या बाबतीत रेषा सर्वांना एकच, पण स्वराच्या बाबतीत दलिताने दोन इंच जास्त सोडायचे. आणि ज्याने ते सोडले, जो सौम्य बोलला, त्याला इतरांच्या तोंडावर फेकायचे: पाहा, असे लिहावे! ॲशचे नाव सेरेनाविरुद्ध असेच वापरले जाऊ शकते. ॲशचा मोठेपणा मानणाऱ्याने तरी ते होऊ देता कामा नये.

आज चेंडू आत पडला की बाहेर हे सांगायला माणूस जवळजवळ उरलेला नाही. २०२५ साली विम्बल्डननेही रेषापंचांना निरोप दिला. त्याच वर्षी तेथे एका सामन्यात यंत्र चुकून बंद राहिले हा भाग वेगळा. पण एकंदरीत रेषेवरचा पक्षपात कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. डॉ. जॉन्सन यांच्या मुलांना आज चेंडूचे दोन इंच सोडावे लागणार नाहीत. परंतु माणसाचा आवाज आत पडला की बाहेर, हे अजून खुर्चीतला माणूस ठरवतो, आणि त्याच्याबरोबर ठरवतो तो घरी बसलेला प्रेक्षक. तेथे यंत्र नाही. म्हणून खेळ न कळणाऱ्या प्रेक्षकाची जबाबदारी खेळ कळणाऱ्यापेक्षा मोठी आहे. त्याचा सारा निवाडा चेहऱ्यावरून चालतो, तर त्याने एवढे तरी स्वतःला विचारावे, की हाच आवाज दुसऱ्या कातडीतून आला असता तर मी हसलो असतो की भुवया चढवल्या असत्या?

कॅमेरा चेहऱ्यावरच येणार, हे ओसाकाने पुरते ओळखले होते. २०२० ची अमेरिकन स्पर्धा महामारीमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. जे कोणी पाहत होते ते टीव्हीवरच पाहत होते. मैदानात येताना तोंडावर पट्टी बांधायचीच होती. ओसाकाने प्रत्येक सामन्याला एक काळी पट्टी बांधली आणि प्रत्येकीवर एक नाव लिहिले: ब्रिओना टेलर, एलायजा मॅक्लेन, अहमॉड आर्बरी, ट्रेव्हॉन मार्टिन, जॉर्ज फ्लॉइड, फिलांडो कॅस्टील, तमीर राइस. पोलिसांच्या किंवा वर्णद्वेषाच्या हिंसेत गेलेली ही काळी माणसे. विजेतेपदापर्यंत सात सामने असतात, म्हणून सात नावे. सगळी नावे दाखवायची तर शेवटपर्यंत जिंकणे भाग होते, आणि ती जिंकली. नावे दाखवताना ती ओरडली नाही. नियमाच्या एकाही रेषेला तिने स्पर्श केला नाही, आणि एक इंचही सोडला नाही.

अंतिम सामन्यानंतर तिला विचारण्यात आले, की या पट्ट्यांतून तुला कोणता संदेश द्यायचा होता? तिने प्रश्न विचारणाऱ्यालाच उलट विचारले, की तुम्हाला कोणता संदेश मिळाला? तो प्रश्न टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला आहे.